आठ एक्सचा सीडी-रॉम ड्राइव्ह: रिकामा असला की ट्रे अडतो, डिस्क टाकली की नुसता गुरगुरतो

छापखान्याचा_पोर | शनिवार, रात्री १०:४२

मंडळी, मदत हवी आहे. धागा लांबेल, आधीच माफी मागतो.

वडिलांचा सांगलीत डीटीपीचा धंदा होता. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, एखाददुसरा दिवाळी अंक. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण तिथलं मशीन माळ्यावर चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं. पेंटियम एमएमएक्स १६६, ३२ एमबी रॅम, विंडोज ९५, त्यावर पेजमेकर ६.५ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंग-फॉन्टचं सॉफ्टवेअर). मागे पॅरलल पोर्टला लॉकसुद्धा (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती डबी) तसंच. गेल्या रविवारी खाली उतरवलं, धूळ झटकली, बोर्डावरचा सेल बदलला आणि चक्क सुरू झालं.

आमच्या गावच्या वाचनालयाची २००२ सालची स्मरणिका आम्हीच छापली होती. तिच्यातले चार लेख आता पुन्हा छापायचे आहेत. लिहिणारे आज हयात नाहीत, छापील प्रत वाळवीने खाल्ली. फायली सीडीवर आहेत. वडिलांनी दर महिन्याला सीडी राइट करून ठेवलेल्या, वर स्केच पेनने महिना लिहिलेला.

आता रडगाणं. ड्राइव्ह आठ एक्सचा (म्हणजे आठपट वेगाचा) आहे, मूळचाच. बटण दाबलं की आतून 'घ्यँऽऽ' आवाज येतो पण ट्रे जागचा हलत नाही. नखाने थोडा ओढला की मग येतो. गंमत म्हणजे आत डिस्क असेल तर बऱ्याचदा आपोआप येतो, रिकामा असला की हमखास अडतो. डिस्क टाकली की दोनतीनदा फिरल्यासारखी करते, गुरगुरते, थांबते. डॉसमध्ये जाऊन पाहिलं तर 'सीडीआर१०१: नॉट रेडी रीडिंग ड्राइव्ह डी. अबॉर्ट, रिट्राय, फेल?' तीनही करून झालं.

लेझर गेला असं समजायचं का?

स्लो_लोकल | शनिवार, रात्री ११:०५

यूएसबीचा डीव्हीडी रायटर घ्या, लॅपटॉपला लावा, सीडी कॉपी करा. विषय संपला. त्या डबड्यात का जीव घालताय?

छापखान्याचा_पोर | शनिवार, रात्री ११:३१

@स्लो_लोकल, ते कालच केलं. ज्या सीडी उघडल्या त्यातल्या फायली लॅपटॉपवर आल्या, पण पेजमेकरच्या फायली उघडायच्या कशात? मजकूर कसाबसा बाहेर काढला तर 'गणपती'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी, कारण तो फॉन्ट युनिकोड नाही. मला पानं जशीच्या तशी हवी आहेत, आणि ती फक्त याच मशीनवर दिसणार. त्याला ना यूएसबी, ना नेटवर्क कार्ड. आत जायचा मोठा रस्ता एकच, तो ट्रे.

जुनाट_काका | रविवार, सकाळी ७:१८

लेझर गेला असं एकदम म्हणू नका. मी लॅमिंग्टन रोडला १९९४ पासून हेच काम करत होतो. आमच्याकडे 'लेन्स गेली' म्हणून जे ड्राइव्ह यायचे त्यातले अर्ध्याहून जास्त साफसफाईवर उठून बसायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं आम्ही काहीतरी बदललं.

तुम्ही स्वतःच निम्मं निदान केलंत, फक्त लक्षात आलं नाही. रिकामा असताना ट्रे अडतो, डिस्क असताना सुटतो. याचा अर्थ सांगतो. डिस्कला वरून दाबून धरणारी एक चकती असते, तिच्यात लोहचुंबक असतं. खाली मोटरवरच्या हबला ते चिकटतं. मधे डिस्क असली की सव्वा मिलिमीटरची फट राहते, चुंबकाची पकड ढिली पडते. रिकाम्या ड्राइव्हमध्ये चुंबक थेट हबला भिडतं. ट्रेच्या मोटरला आधी ही पकड तोडावी लागते, आणि मोटरचा जोर जातो एका रबरी बेल्टमधून. बेल्ट सैल झाला की मोटर फिरते, बेल्ट घसरतो. तुमचा 'घ्यँऽऽ' तोच. बेल्ट बदला, ट्रेचा प्रश्न मिटला. चुंबकाला हात लावू नका. काही जण त्यावर सेलोटेप चिकटवतात, मग डिस्क वेगात घसरते आणि नवंच दुखणं सुरू होतं.

आता वाचण्याचं. ड्राइव्ह उघडायच्या आधी एक करा. पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक, आवाजाचं चाक आणि प्लेचं बटण आहे का? त्या काळच्या ड्राइव्हला असायचं. डेटा केबल काढून टाका, फक्त चार तारांची पॉवर ठेवा. कंपनीतून छापून आलेली गाण्यांची सीडी टाका, घरी राइट केलेली नको. प्ले दाबा आणि ऐका. गाणं वाजलं तर लेझर, फोकस, मोटर सगळं जिवंत आहे, आणि चूक केबल, जंपर किंवा ड्रायव्हरमध्ये शोधायची. नाही वाजलं तर आत जायचं. किती वाजलं, कुठे अडकलं, तेही लिहा.

छापखान्याचा_पोर | रविवार, दुपारी १२:५०

काका, दंडवत. हे बटण एवढी वर्षं समोर होतं, कधी दाबलं नव्हतं.

वडिलांची अभंगांची सीडी टाकली, एकूण नऊ अभंग. तिसऱ्या प्रयत्नात वाजली! पाच अभंग स्वच्छ. सहाव्याच्या मध्यावर 'टक टक टक' सुरू झालं, एकच शब्द पुन्हापुन्हा, मग गप्प. सातवा थेट लावला तर लागतच नाही. आई आतून म्हणाली, 'विठ्ठलाला पण तिथंच अडकवलंस का.'

तरंगिणी | रविवार, दुपारी २:१५

मस्त निरीक्षण. यावरून बरंच कळतं.

सीडी ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट असते, आतून बाहेर वाचली जाते. गाणी किंवा डेटा मध्यापासून २५ मिलिमीटरवर सुरू होतात आणि ५८ वर संपतात. त्याच्याही आत अनुक्रमणिका. ड्राइव्ह सगळ्यात आधी ती वाचतो, आणि ती वाचता आली नाही तर डिस्क आहे हेच तो मान्य करत नाही. तुमचा ड्राइव्ह पाच अभंग नीट वाचतो, म्हणजे लेझर मेलेला नाही. सहाव्यापाशी अडतो, म्हणजे लेन्स वाहून नेणारी गाडी रुळावर तिथे अडखळते. तिथलं ग्रीस सुकलंय. सुरुवातीला तीनदा प्रयत्न लागला, त्याचं कारण बहुधा लेन्सवरची धूळ. दोन वेगळे आजार आहेत, बेल्ट धरला तर तीन.

म्हणजे गाडी डेटाच्या चक्राकार रेषेवर एकेक वळसा पुढे सरकते असं नाही. दोन वळशांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, तेवढं बारीक काम लेन्स स्वतः डोलून करते. ती फार बाजूला गेली की मग गाडी किंचित पुढे ढकलली जाते. ग्रीस घट्ट असेल तर गाडी ढकलूनही हलत नाही, लेन्स आपल्या तारांवर ताणली जाते, शेवटी निसटून मागच्या वळशावर पडते. 'टक टक' आणि एकच शब्द पुन्हापुन्हा ते यामुळे.

बिनधास्त_बंड्या | रविवार, दुपारी ४:०२

एवढं कशाला? लेन्सच्या शेजारी बारका स्क्रू असतोय बघा, पॉट. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं जरा फिरवायचा, लेझरची पॉवर वाढती, सगळ्या सीडी वाचायला लागतो. व्हीसीडी प्लेअरच्या जमान्यात आम्ही कोल्हापुरात असंच करायचो. पाच मिनिटांचं काम.

जुनाट_काका | रविवार, दुपारी ४:२०

बंड्या, आणि तो प्लेअर सहा महिन्यांनी परत यायचा की नाही ते पण सांग.

बिनधास्त_बंड्या | रविवार, दुपारी ४:२६

यायचा 😄 पण तोवर सहा महिने झालेले असायचे.

तरंगिणी | रविवार, दुपारी ५:१०

कृपया पॉटला हात लावू नका. निदान आत्ता तरी.

तो पॉट लेझरचा करंट ठरवतो, कारखान्यात मोजून लावलेला असतो. लेन्सवर धूळ असताना पॉवर वाढवणं म्हणजे चष्मा न पुसता घरातले दिवे वाढवण्यासारखं. थोडे दिवस दिसतं. लेझर डायोड जास्त करंटवर झपाट्याने म्हातारा होतो, आणि एकदा झाला की मागे येत नाही. शिवाय कुठल्या बाजूला फिरवल्यावर पॉवर वाढते हे मॉडेलगणिक वेगळं. मी स्वतः एक ड्राइव्ह असाच मारला आहे. अर्धा वळसा फिरवला, त्या दिवशी भराभर वाचला, दुसऱ्या दिवशी कायमचा गप्प. मूळ जागेची खूणसुद्धा केली नव्हती.

सगळे उपाय संपले आणि ड्राइव्ह टाकूनच द्यायचा असेल, तरच. तेव्हाही आधी मार्करने खूण करायची, वीज बंद करून मल्टिमीटरवर रोध लिहून ठेवायचा, आणि मग केसभर. माझ्याकडे ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे म्हणून मी आरएफ सिग्नल, म्हणजे लेझरने डिस्कवरून वाचलेला कच्चा सिग्नल, बघत फिरवते. नीट असेल तर पडद्यावर हिऱ्याच्या आकाराच्या चौकटींची जाळी स्वच्छ दिसते. अंदाजाने फिरवणं म्हणजे जुगार.

दुसरं, फार महत्त्वाचं. उघडा ड्राइव्ह चालू असताना वरून लेन्समध्ये डोकावू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, जवळजवळ अदृश्य. फिका लाल ठिपका दिसतो, म्हणून वाटतं अगदीच मंद आहे. डोळ्याला तो मंद नाही.

मुकी_मैना | रविवार, संध्या. ६:४४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रत्नांग्रीकर | रविवार, रात्री ८:०९

वाचतोय. कोकणातून एक भर. आमच्याकडे पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, अगदी कॅमेऱ्याच्या लेन्ससारखी. उजेडात तिरकी धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) सहसा निघते.

सॅनिटायझर वापरू नका हो. लॉकडाऊननंतर घरोघरी बाटल्या पडून आहेत, एका मित्राने तेच वापरलं. त्यात हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, ते लेन्सवर बसलं. आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच. लेन्स प्लास्टिकची असते, कायमची दुधाळ होते.

छापखान्याचा_पोर | सोमवार, रात्री ११:५५

उघडला! सविस्तर लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

पॉवर काढून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घातली, ट्रे बोटभर बाहेर आला, हाताने ओढला. ट्रेच्या पुढची पट्टी वरच्या बाजूला सरकवून काढली. मग पुढचं तोंड, बाजूच्या तीन खाचा दाबून. एक खाच तुटली, नको तिथे जोर लावला. खालचे चार स्क्रू काढल्यावर पत्रा निघाला.

बेल्ट ट्रेच्या खाली पुढेच होता. दोन पुल्यांवर बसलेला चौकोनी काप, एकीकडून चकचकीत घासलेला. काढून टेबलावर ठेवला तर गोल व्हायचं नाव नाही, अंड्यासारखा वेडावाकडाच राहिला.

आणि रूळ. एका बाजूला चकचकीत स्टीलचा दांडा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची कड. आतल्या अर्ध्या भागात दांडा चांगला होता, कारण गाडी तिथेच ये-जा करत होती. बाहेरच्या अर्ध्यात ग्रीस पिवळं पडून चिक्कीच्या पाकासारखं घट्ट. काडीने टोकरलं तर पापुद्रा निघाला. गाडी बोटाने सरकवली तर दोन तृतीयांश अंतरावर अक्षरशः थांबली. तरंगिणीताई, सहावा अभंग तोच!

वडिलांच्या दर महिन्याच्या सीडीत कधी शंभरदीडशे एमबीपेक्षा जास्त नसायचं. म्हणजे गाडी वर्षानुवर्षं कधी टोकापर्यंत गेलीच नव्हती.

आता ग्रीस कुठलं लावू? घरात शिलाई मशीनचं तेल आहे.

जुनाट_काका | मंगळवार, सकाळी ६:५०

शिलाई मशीनचं तेल नको. पातळ असतं, वाहत जाऊन लेन्सपर्यंत पोचतं. गंज सोडवायचा स्प्रे तर त्याहून नको, उडून रबरावर बसतो.

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए मागा, ९९ टक्केवालं. कानातल्या कापसाच्या काडीला लावून दांडा पुसा, काडी पांढरी येईपर्यंत. दात असलेली पट्टी आणि गिअर जुन्या टूथब्रशने. सुकू द्या. मग प्लास्टिकला चालणारं सिलिकॉनचं किंवा पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) पांढरं ग्रीस, तेही टाचणीच्या टोकावर येईल तेवढंच. दांड्यावर चोळा, गाडी चारदा पुढेमागे करा, कडेला साठलेलं पुसून घ्या. दांडा ओलसर वाटला पाहिजे, ग्रीस दिसायला नको.

लेन्स: आधी कॅमेऱ्याचा रबरी फुगा घेऊन हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. काडी आयपीएत बुडवून झटका, थेंब राहायला नको. मधून बाहेर गोल, वजन न देता. लेन्स केसासारख्या तारांवर टांगलेली असते. दाबलीत की खाली जाईल, घाबरू नका, पण बाजूला ढकलू नका. मग कोरडी काडी.

हबवर रबराची कडी असेल तर तीही पुसा. ती गुळगुळीत झाली की डिस्क घसरते.

बिनधास्त_बंड्या | मंगळवार, सकाळी ९:३३

बेल्ट उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकायचा. आकसतोय. हे तरी चालतंय का काका? 😛

जुनाट_काका | मंगळवार, सकाळी ९:४१

चालतंय. दोनतीन आठवडे. दोष बेल्टचाच आहे एवढं तपासायला उत्तम. नंतर नवा टाका. भाजीच्या जुडीचा रबरबँड मात्र कुणी लावू नका. दिवसभर भारी चालतो, मग पुलीवर वितळून बसतो, तो खरवडायला अर्धा तास जातो.

नवा बेल्ट टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळेल. पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच. जुना बेल्ट बोटांनी चपटा करून लांबी मोजा आणि त्याहून पाच टक्के आखूड घ्या, जुना ताणलेला असतो. फार घट्ट घेतलात तर मोटरच्या बुशवर ताण येतो.

परदेशी_पोहे | मंगळवार, रात्री १०:१२

अवांतर: मी न्यू जर्सीत, छंद जुन्या मॅकिन्टॉशचा. आमच्याकडचं दुखणं वेगळं. नव्वदच्या सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये बोर्डावर बारकी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ती पाझरतात. उघडल्यावर मासळीसारखा वास आला की समजायचं. पाझरलेलं रसायन तांब्याच्या रेषा खातं, त्यामुळे कपॅसिटर बदलून भागत नाही, बोर्ड धुऊन तुटलेल्या रेषा तारेने जोडाव्या लागतात. डिस्क डबीत घालून आत सरकवायचे ड्राइव्ह तर आता डबीच मिळत नाही म्हणून अडतात.

मी दोन ड्राइव्ह जिवंत केले, तिसऱ्याच्या वेळी हात टेकले. आता स्कझी पोर्टला (जुन्या मॅकची ड्राइव्ह जोडायची जागा) ब्लूस्कझी लावला आहे, एसडी कार्डवर सीडीच्या प्रतिमा (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असलेल्या फायली) ठेवायच्या, मॅकला वाटतं खरा ड्राइव्हच आहे. पीसीतल्या आयडीई जोडणीसाठी तसाच झुलूआयडीई आहे. धागालेखकाला माझं मत विचाराल तर सरळ तो घ्या.

छापखान्याचा_पोर | मंगळवार, रात्री १०:४०

@परदेशी_पोहे, यादीत टाकून ठेवतो. पण आता इतकं उघडलंय तर त्याच ट्रेतून सीडी गेलेली बघायची आहे.

छापखान्याचा_पोर | शुक्रवार, रात्री ९:२०

अपडेट. बेल्ट सांगलीतच मिळाला, एका रेडिओवाल्याकडे. त्याने बरण्यांतून दहा प्रकार काढून टेबलावर पसरले आणि जुना बेल्ट हातात घेऊन न मोजता बरोबरचा उचलला.

साफ केलं, ग्रीस लावलं, जोडलं. पहिल्यांदा ट्रे आत गेला आणि लगेच बाहेर आला, कारण दात असलेली पट्टी एक दात पुढे बसली होती. पुन्हा उघडून बसवली. आता बटण दाबलं की ट्रे रिकामा असतानाही बाहेर येतो. नऊच्या नऊ अभंग वाजले. आई ड्राइव्हला हेडफोन लावून बसली होती.

पण. स्मरणिकेची सीडी वाचत नाही. 'नॉट रेडी' येत नाही आता, डिरेक्टरी दिसते, फाइल उघडताना लटकतो.

तरंगिणी | शुक्रवार, रात्री १०:०५

ड्राइव्ह बरा झाला, आता पेशंट सीडी आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खरे खड्डे असतात, राइट केलेल्या डिस्कमध्ये फक्त रंगाचा थर भाजलेला असतो. तो वर्षांनुवर्षं फिका पडतो, उन्हात जास्तच. जुने ड्राइव्ह अशा डिस्कला मुळातच नाक मुरडतात. रीराइटेबल तर त्याहून वाईट, तिचं परावर्तन छापील डिस्कच्या जेमतेम चौथाई.

लॅपटॉपवर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरचा डेटा वाचून काढायचा प्रोग्राम) वापरा, नकाशाची फाइल ठेवून. कुठले भाग वाचले, कुठले राहिले हे त्यात नोंदलं जातं. मग तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये, तोच नकाशा देऊन. प्रत्येक ड्राइव्हला वेगळे भाग झेपतात, भोकं भरत जातात. मित्रांकडचे पडीक डीव्हीडी रायटर गोळा करा. पूर्ण प्रतिमा मिळाली की नव्या कोऱ्या सीडीवर कमी वेगात राइट करा, ती तुमचा आठ एक्सवाला वाचेल.

सीडीवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर सोलू नका. चमकणारा थर लेबलाच्या बाजूलाच असतो, वर फक्त लाखेचा पापुद्रा. लेबलासकट डेटा निघून येईल.

छापखान्याचा_पोर | रविवार, रात्री ११:१५

चार ड्राइव्ह लागले. पहिल्या डीव्हीडी रायटरला थोडाच भाग झेपला, मेहुण्याच्या जुन्या डेस्कटॉपमधल्याने बरंच भरलं, शेवटचे काही सेक्टर कुणालाच आले नाहीत. ते नेमके एका जाहिरातीच्या पानाच्या चित्रात होते, एका किराणा दुकानाच्या.

नवी सीडी राइट केली, ट्रेमध्ये ठेवली, बटण दाबलं. घुर्र. दिवा लागला. पेजमेकर उघडला, लॉक ओळखलं, पान सात समोर आलं. अग्रलेखाच्या वर वडिलांनी टाकलेली वेलबुट्टी सुद्धा जागेवर.

काका, ताई, बंड्या, सगळ्यांचे आभार. पॉटला हात लावलेला नाही.

स्लो_लोकल | सोमवार, सकाळी ८:०२

अभिनंदन! वर डबडं म्हणालो ते शब्द मागे. माझ्या कपाटातही असाच एक अडलेला ड्राइव्ह निघाला काल. तो बेल्ट किती मापाचा घेतलात?

छापखान्याचा_पोर | सोमवार, सकाळी ८:४५

जुना चपटा करून ६१ मिमी भरला, नवा ५८ चा. काप चौकोनी, १.२ मिमी. वीस रुपये. पण मोजून घ्या, तुमचा वेगळा असेल. आणि पुढचं तोंड काढताना डावीकडची खाच आधी सोडवा, माझी तुटली ती तीच.